वाचलेली पुस्तके आणि ऐकणाऱ्या बाया

(सिंदेवाही तालुक्यात कार्यकर्त्यांच्या वाचन-शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'अलीकडे वाचलेली पुस्तके' या विषयावर बोलायला मला सांगितले आहे. मी जी पुस्तके सांगणार आहे ती नवी नाहीत, एक तर १८८२ सालचे आहे. पण गेल्या वर्षभरात मी ती एकटीने वाचली नाहीत. आमच्या गटातल्या पंधरा-वीस बायांसमोर ती मोठ्याने वाचली. त्यांतल्या निम्म्या जणींना अक्षरओळख नाही. मोहफुलांचा हंगाम, तेंदूपत्ता आणि रोवणी एवढे दिवस सोडून, जेवणे उरकल्यावर आम्ही बसत असू. त्यामुळे पुस्तकाबद्दल माझे मत आणि बायांचे मत यांची सरमिसळ झाली आहे. ती वेगळी करण्याचा प्रयत्न मी करणार नाही.

पहिले पुस्तक राणी बंग यांचे 'कानोसा'. बाई स्वतःच्या शरीराबद्दल बोलू लागली की काय काय बाहेर येते, ते या पुस्तकात आहे. त्याच्या मागे एक मोठे काम उभे आहे. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास छापून आला. ६५० बायांची तपासणी झाली. त्यांतल्या ९२ टक्के बायांना एक ना एक स्त्रीरोग होता, सरासरी काढली तर एकेकीला तीनाहून अधिक. त्याआधी अशी तपासणी झालेल्या बाया फक्त ८ टक्के होत्या. बाईचे आरोग्य म्हणजे गर्भारपण, बाळंतपण आणि नसबंदी एवढेच, असे धरून चालणाऱ्या सरकारी कार्यक्रमांना हा आरसा होता. समाजकार्याच्या शिक्षणात हे आकडे मी परीक्षेसाठी पाठ केले होते.

गटात हे आकडे सांगितले तेव्हा कोणालाही नवल वाटले नाही. मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "मंग त्या बाकीच्या आठ जणी कोन होत्या जी?" सगळ्या हसल्या. हसणे थांबल्यावर एकीने, पंधरा वर्षे अंगावरून जाते हे पहिल्यांदा तोंडाने सांगितले. सासूला सांगितले नव्हते, नवऱ्याला नाही, गावात येणाऱ्या आशालाही नाही. दोन दिवसांनी मी तिच्यासोबत दवाखान्यात गेले. तिथे तिच्याशी ज्या भाषेत बोलले गेले ते ऐकून मला वाटले की हे पुस्तक आधी दवाखान्यात मोठ्याने वाचायला हवे. बाई लाजते म्हणून सांगत नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. सांगितल्यावर काय ऐकून घ्यावे लागते, त्याचा हिशेब तिने आधीच केलेला असतो.

राणीताईंचेच दुसरे पुस्तक 'गोईण'. गोईण म्हणजे मैत्रीण. गडचिरोलीतल्या बायांचे झाडांशी असलेले नाते त्यात आहे. हे पुस्तक बायांना सर्वांत आवडले, आणि सर्वांत जास्त वादही त्यावरच झाला. एकेका झाडावर अर्धा-अर्धा तास गेला. "हे असं नाही, आमच्याकडे वेगळं करतात," असे म्हणत त्यांनी पुस्तकात भर घातली. पण मग एक जण म्हणाली, "झाड गोईन हाय, पण मंधात वाघ बसून हाय ना जी!" चंद्रपूर जिल्ह्यात राहणाऱ्यांना याचा अर्थ सांगायला नको. मे २०२५ मध्ये याच सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाने मारल्या. शहरातले वाचक 'गोईण' वाचून निसर्गाच्या जवळ राहणाऱ्या आदिवासी बाईचे कौतुक करतात. मला त्या कौतुकाची भीती वाटते. ती जंगलात जाते कारण चूल आणि रोजी जंगलावर चालते. आणि याच 'मुक्त' समजल्या जाणाऱ्या समाजात पाळीच्या दिवसांत बाईला गावाबाहेरच्या कुर्माघरात बसावे लागते. ज्ञान तिचे आहे आणि तिच्यावरची बंधनेही खरी आहेत. दोन्ही एका दमात सांगता आली पाहिजेत.

मिलिंद बोकील यांचे 'गोष्ट मेंढा गावाची' आपल्यातल्या बहुतेकींनी वाचले असेल. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने सर्वसहमतीने कारभार चालवला, २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकण्याचा अधिकार घेतला. ही गोष्ट देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्याभोवती फिरते. (मोहनभाऊ नावात आईचे नाव आधी लावत, हे आमच्या बायांच्या बरोबर ध्यानात आले.) पुस्तक चांगले आहे, मी ते कार्यकर्त्यांना आवर्जून देते. पण मी ते एकच प्रश्न हातात धरून वाचले : सर्वसहमती झाली तेव्हा बाया कुठे बसल्या होत्या, आणि काय बोलल्या? त्याचे उत्तर मला हवे तेवढे मिळाले नाही. हा दोष लेखकाचाच आहे असे मी म्हणत नाही. गावाची गोष्ट सांगायला जे पुढे येतात त्यांच्याच तोंडून ती लिहिली जाते.

हा प्रश्न मला पुस्तकापुरता वाटत नाही. वनहक्क कायद्यात आणि त्याच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की वैयक्तिक पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे झाला पाहिजे, आणि ग्रामसभेला हजर असणाऱ्यांत किमान एक-तृतीयांश बाया हव्यात. आम्ही त्या रात्री पुस्तक बाजूला ठेवले आणि ज्यांच्या घरी पट्टे आहेत त्यांना ते आणायला सांगितले. सात पट्टे आले. दोघांची नावे असलेले चार निघाले. एकीला आपले नाव त्यावर आहे हे त्या रात्रीपर्यंत ठाऊकच नव्हते. पट्टा ट्रंकेत होता आणि किल्ली दिराकडे.

आता १८८२ सालच्या पुस्तकाकडे येते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना'. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येसाठी शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी त्यानिमित्ताने सगळ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले, आणि ताराबाई भडकल्या. पुढे हे पुस्तक जवळजवळ विसरले गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले. भाषा जुनी, वाक्ये लांब. मला वाटले होते बाया कंटाळतील. पण भांडणाचा सूर त्यांना लगेच कळला.

ते वाचताना मला देसाईगंज आठवत होते. १९७२ मध्ये तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराचा खटला. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज गडचिरोलीत आहे. तिचे नाव तुम्हा सर्वांना ठाऊक आहे, मी मुद्दाम घेत नाही. सत्र न्यायालयाने तिला खोटारडी ठरवले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अंगावर जखमा नाहीत, असे म्हणून दोन्ही पोलिसांना सोडले. १९७९ मध्ये चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. हे पत्र आपण पुस्तकासारखेच वाचले पाहिजे. ताराबाईंनी विजयालक्ष्मीला पाहिले नव्हते, पत्र लिहिणाऱ्यांनीही न्याय मागितला तो निकालपत्र वाचून. चळवळीचा इतिहास आपल्या जिल्ह्यापासून सुरू झाला असे आपण अभिमानाने सांगतो. पण ती स्वतः काय म्हणाली असती, ते कोणत्याही पुस्तकात मला सापडलेले नाही.

म्हणून मी सुचवते की गटाच्या वहीत फक्त हजेरी आणि बचतीची रक्कम लिहू नका. पुस्तकावर बाई काय बोलली ते तिच्याच बोलीत लिहा, मराठी शुद्ध करू नका. तिची परवानगी विचारा, आणि ती नको म्हणाली तर लिहू नका.

पुढच्या खेपेला उषाकिरण आत्राम यांचा 'म्होरकी' हा कवितासंग्रह घ्यायचा आहे. इथल्या पुस्तकांत आजवर बाहेरून आलेल्यांचाच आवाज जास्त ऐकला, आता आदिवासी कवयित्रीचा ऐकू. माझ्याकडे दोन प्रती आहेत. एक धानोऱ्याच्या मैत्रिणी आज सोबत नेतील, दुसरी मूलच्या गटाकडे जाईल. रोवणी संपल्यावर बदलून घ्या.