कागद सुटला तरी धोका सुटत नाही



होसकोटे हे बंगळूर-कोलार-चेन्नई महामार्गावरील औद्योगिक केंद्र. तेथील एखाद्या कारखान्यातून वापरलेले आम्ल परराज्यात जावयाचे असेल, तर २०१६ चे केंद्रीय नियम दोन वाटा दाखवितात. अंतिम विल्हेवाटीसाठी दोन्ही राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. पुनर्प्रक्रियेसाठी मात्र केवळ पूर्वसूचना पुरते. एका शब्दाने परवानगीची अट गळून पडते. टाकीतील आम्ल तेच राहते!

सात प्रतींचे वाहतूकपत्र आणि आपत्कालीन सूचनापत्र मात्र दोन्ही वाटांवर बंधनकारक आहे. अपघात घडल्यास टाकीत काय आहे, हे अग्निशामकांना व डॉक्टरांना सांगणारा कागद तोच.

पुनर्प्रक्रियेला कामगारवर्गाचा विरोध नाही. सवलत मालकाची आणि धोका चालक-हमालांचा, या वाटणीला विरोध आहे. म्हणून युनियनांनी आग्रह धरावा: सूचनापत्र चालकाच्या भाषेत हवे, माल भरण्यापूर्वी ते कामगारांना वाचून दाखवावे, आणि माल पोहोचल्याची निळी प्रत मूळ कारखान्यात परत आली की नाही, हे दर खेपेस तपासावे.

डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री हवेत कोणता वायू पसरला आहे, हे भोपाळच्या जनतेला कोणी सांगितले नव्हते. त्या मौनाची किंमत कष्टकऱ्यांनीच मोजली.