लखनौचे आचार्य रातंजनकर

मैफल जिंकण्याची ताकद असलेल्या कलावंताने ऐन उमेदीत अध्यापनाची वाट धरली, तर संगीताचा त्यात लाभ की हानी? हंगेरीचा विख्यात पियानोवादक फ्रान्झ लिस्ट याने १८४७ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, युरोपभरच्या आपल्या दौऱ्यांस विराम दिला. पुढे १८७५ मध्ये बुडापेस्ट येथे संगीत अकादमी निघाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद त्याच्याकडे आले. असेच वळण एका मराठी गायकाच्या आयुष्यास लखनौत मिळाले.

मुंबईहून झाशी-कानपूरमार्गे निघालेली गाडी मानकनगर मागे टाकून लखनौत शिरते. ठुमरी आणि कथक यांचे हे माहेर. येथे १९२६ मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने मॅरिस संगीत महाविद्यालय स्थापन झाले. त्याच वर्षी त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. गवयाने बी. ए. व्हावे, ही त्या काळी नवलाचीच गोष्ट. अनंत मनोहर जोशी यांची तालीम त्यांना लाभली होती. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर उस्ताद फैयाज खाँ यांचे शिष्यत्वही त्यांनी पत्करले होते. आग्रा घराण्याची भारदस्त गायकी गळ्यात आणि भातखंडे यांचे शास्त्र बुद्धीत, असा हा दुर्मिळ योग होता.

१९२८ मध्ये ते महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १९५७ पर्यंत तेथेच राहिले. मैफलीच्या गवयास एक राग तासभर रंगविता येतो. वर्गातील शिक्षकास मात्र तोच आरोह कच्च्या गळ्यांकडून पुनःपुन्हा घोटून घ्यावा लागतो. स्वतःच्या रियाजाचा वेळ त्यात खर्ची पडतो, आणि टाळ्या तर नसतातच. रातंजनकरांनी ही किंमत मोजली. गायक म्हणून त्यांची कीर्ती त्यांच्या योग्यतेइतकी पसरली नाही. पुढे आकाशवाणीसाठी कलावंतांची पारख करण्याचे काम अंगावर घेतल्यावर अनेक नामवंतांचा रोषही त्यांच्या वाट्यास आला.

पण हिशेबाची दुसरी बाजू पाहावी. बैलहोंगलचा अकरा वर्षांचा एक मुलगा १९३६ मध्ये लखनौस आला आणि गुरुगृही राहून शिकला. तेच पुढे पंडित के. जी. गिंडे म्हणून ख्यातनाम झाले. चिदानंद नगरकर, एस. सी. आर. भट, दिनकर कैकिणी, सुमती मुटाटकर हीही याच गुरूची शिष्यमंडळी. त्यांनी मुंबई-दिल्लीकडे विद्यादानाचीच परंपरा चालविली. स्वतः रातंजनकरांनी मार्गबिहाग, केदारबहार, सालगवराळी यांसारखे राग निर्मिले, आणि ‘अभिनव गीतमंजरी’त आपल्या बंदिशी स्वरलिपीसह खुल्या केल्या. घराण्यांत चिजा कुलपात ठेवण्याची रीत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या औदार्याचे मोल कळते.

१९५७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि खैरागढच्या संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरुपदही त्यांनी सांभाळले. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले. लखनौच्या त्या महाविद्यालयास आज विश्वविद्यालयाचा दर्जा आहे, आणि त्यास भातखंडे यांचे नाव आहे. गुरूचे नाव इमारतीवर झळकावे आणि आपले कार्य शिष्यांच्या गळ्यांत उरावे, याहून वेगळे काही त्या निगर्वी आचार्यांनी इच्छिले असेल, असे वाटत नाही.