मागची खोली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी पाककृती नाहीतर भरतकाम यांवर चार शब्द बोलते. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "घर विकताना तुम्हांला जे सोसावं लागलं, तेच सांगा." सांगायला संकोच वाटतो, कारण त्यात चूक आमचीच होती. पण माझ्या सांगण्याने एखादीचा पाय जरी सावरला, तरी संकोचाचे सार्थक होईल.

आमचे घर तुम्ही पाहिलेलेच आहे. १९८४ साली रीतसर नकाशा मंजूर करून बांधले. १९९७ साली सासूबाईंना अर्धांगवायू झाला. जिना चढणे बंद झाले. तेव्हा मागच्या अंगणात, कुंपणाच्या भिंतीला लागून, त्यांच्यासाठी खोली काढली. परवानगी घ्यावी हे कुणाच्या मनातही आले नाही. आपलीच जागा, आपलाच पैसा, आणि आजारी माणसाची सोय! त्या खोलीत त्या चार वर्षे राहिल्या आणि तिथेच त्यांनी डोळे मिटले. पुढे मुलाच्या लग्नात गच्चीवरही एक खोली चढली.

२००९ साली नगरपालिकेची नोटीस आली. विनापरवाना बांधकाम काढून टाका, असा मजकूर होता. आमचे हे म्हणाले, "अख्ख्या आळीत हेच आहे." मी ती नोटीस कपाटात पातळांच्या घडीखाली ठेवली. भगिनींनो, कागद घडीखाली गेला म्हणून मिटत नाही!

मुले परगावी स्थिरावली, आमचे गुडघे थकले, तेव्हा घर विकायचे ठरले. दलालाने सांगितले, "रंग काढा, आणि विचारल्याशिवाय काही बोलू नका." घर पाहायला एक तरुण जोडपे आले. मुलगी शाळेत शिक्षिका. वडिलांनी निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतून मदत केली होती, उरलेले कर्ज काढणार होते. मागच्या खोलीत उभी राहून तिने विचारले, "काकू, इथे पाळणा छान बसेल नाही?"

त्या रात्री मला झोप आली नाही. माझी लेक अशीच कुणाच्या घरात उभी राहून विचारत असती तर? सकाळी मी ह्यांना म्हटले, "नोटीस दाखवायची." दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी ह्यांनी स्वतःच फोन लावला.

वकिलांनी तेव्हा समजावले की हा केवळ मनाच्या टोचणीचा प्रश्न नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या तपासणीत न कळणारा मोठा दोष सांगणे बंधनकारक आहे. तो लपवणे ही फसवणूक ठरते. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला संकुलात मंजुरीपेक्षा जादा मजले चढले होते. ते पाडण्याचा मार्ग २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने मोकळा केला, तेव्हा झळ कुणाला लागली? तिथे राहणाऱ्या कुटुंबांना.

त्या जोडप्याला थांबणे शक्य नव्हते. त्यांनी दुसरे घर घेतले. आम्ही वास्तुशिल्पीकडून मोजणी करून घेतली. गच्चीवरची खोली नियमांत बसत होती. अर्ज, नकाशा आणि दंड भरून तिला मंजुरी मिळाली. मागची खोली मात्र मोकळ्या सोडायच्या जागेत होती. आग लागली तर बंब जावा, शेजाऱ्याला उजेड-वारा मिळावा, म्हणून ती जागा सोडतात. ती खोली पाडावीच लागली. पहिला घाव पडला तेव्हा मी घरात थांबले नाही, देवळात जाऊन बसले.

आठ महिन्यांनी घर गेले, आधीच्या बोलीपेक्षा साडेतीन लाख कमी. हे अजून कधी कधी तो आकडा काढतात. मी ऐकून घेते.

आता कामाच्या गोष्टी. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र दागिन्यांइतके जपा. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम कायदेशीर असल्याचा दाखला नव्हे. अनधिकृत बांधकामावरही कर आणि शास्ती घेतात. हे दाखले पडताळूनच बँकांनी इमारतींवर कर्ज द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये बजावले आहे. तेव्हा झाकून ठेवलेले व्यवहाराच्या वेळी उघडे पडतेच. विकण्याआधी मोजणी करा, जे सुधारता येईल ते सुधारा, उरलेले करारनाम्यात स्वच्छ लिहा. आणि घर तुमच्याही नावावर असेल तर "इथे सही कर" म्हटल्यावर आधी वाचा, मग सही करा.

ती शिक्षिका संक्रांतीला हळदीकुंकवाला आली होती. वाण घेताना म्हणाली, "काकू, नवं घर घेताना आधी कागद मागितले. तुमच्यामुळे सुचलं." सासूबाईंची खोली गेली, पण त्यांचा आशीर्वाद गेला नाही, असे मला त्या दिवशी वाटले.