आवाज गेला म्हणून संगणक टाकू नका



विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ न चालणाऱ्या जुन्या संगणकावर आपल्या सातारा-सांगलीकडेही लिनक्स बसवता येते. पण कधी कधी त्यानंतर आवाज बंद होतो. ऐकून भाषा शिकणाऱ्या मुलाचा अभ्यास तेथेच अडतो.

घाबरू नका. बहुधा स्पीकर शाबूत असतो, आवाजाची वाट चुकलेली असते. सेटिंगमधील ‘आउटपुट’मध्ये एचडीएमआयऐवजी स्पीकर निवडा. तरीही शांतता असेल, तर टर्मिनलमधून ‘अल्सामिक्सर’ उघडा. ‘एमएम’ खूण दिसेल त्या पट्टीवर ‘एम’ दाबा.

उत्तम मार्ग म्हणजे लिनक्स बसवण्यापूर्वीच ते पेनड्राइव्हवरून चालवून आवाज ऐकून पाहावा. दुरुस्तीचे हे ज्ञान मुलामुलींनी स्वतः मिळवावे, हीच विनंती.