जागे करणारा सोबती



महोत्सवाच्या ह्या मंगल दिवशी ख्रिस्ती मैत्रीविषयी चार शब्द बोलावे, असे आम्ही योजिले आहे. विषय प्रथमदर्शनी साधा वाटेल. परंतु आत्म्याच्या तारणाशी त्याचा संबंध फार निकटचा आहे.

आपण पंढरपुराच्या परिसरात राहतो. आळंदीहून व देहूहून निघालेल्या पालख्या आषाढी एकादशीसाठी येथे येतात, हे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो. त्या दूरच्या वाटेवर वारकरी आपापल्या दिंडीत चालतात. दिंडीचा क्रम ठरलेला, मुक्काम ठरलेला, भोजन एकत्र. आपली श्रद्धा निराळी आहे खरी. तथापि लांबचा पल्ला सोबतीने गाठावा, हे शेजाऱ्यांकडून शिकण्यात कमीपणा कसला? आपण मात्र रविवारी मिस्सा ऐकून एकेकटे घरी जातो, आणि पुढील रविवारपर्यंत एकमेकांच्या आत्म्याचे कुशल विचारीत नाही.

प्रभूने दहा कुमारींचा दृष्टांत सांगितला आहे. मध्यरात्री वर आला तेव्हा पाचजणींच्या दिव्यांत तेल नव्हते, आणि शहाण्या कुमारींना आपले तेल त्यांस देता आले नाही. ह्यावरून कोणी म्हणेल, मग मैत्रीचा उपयोग काय? आम्ही असे म्हणतो की, तेल ज्याचे त्यानेच भरले पाहिजे. परंतु दुकान उघडे आहे तोवर “बाई, तुझे भांडे रिकामे आहे” असे सांगणारी मैत्रीण असती, तर ती रात्र निराळी झाली असती. खऱ्या सोबत्याचे काम हेच होय.

ह्याचा एक दाखला आपल्या मराठी भाषेशीच निगडित आहे. ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे फादर टॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे. राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीत तेथे कॅथलिक धर्म पाळणे संकटाचे झाले होते. टॉमस पाउंड हे पूर्वी दरबारात वावरलेले गृहस्थ त्यांचे स्नेही. स्टीफन्स काही काळ त्यांचा सेवक असल्याचे भासवून त्यांच्यासह राहिले, आणि दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचा निश्चय केला. निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले. स्टीफन्स एकटे गेले व १५७५ साली संघात दाखल झाले. पण बंदिवान मित्रास विसरले नाहीत. त्यांनी वरिष्ठांकडे विनंती केली, आणि १५७८ साली पाउंड ह्यांस तुरुंगात असतानाच संघात स्वीकारण्यात आले. १५७९ साली स्टीफन्स गोव्यास पोहोचले. ते मायदेशी पुन्हा परतले नाहीत. पाउंड ह्यांनी सुमारे तीस वर्षे कारावास भोगला, पण श्रद्धा सोडली नाही. इकडे स्टीफन्स ह्यांनी मराठी संतांच्या ओवीत ख्रिस्तचरित्र गाइले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले.

पहा, एक मित्र तुरुंगात, दुसरा समुद्रापार. तथापि एकाने दुसऱ्यास देवाच्या हाकेसाठी सिद्ध केले. ज्या स्नेहाने केवळ करमणूक होते तो अंतराने विरतो. ज्याचा पाया ख्रिस्त आहे तो टिकतो.

आपली कुटुंबे थोडी व विखुरलेली. तरुण मंडळी पोटासाठी पुण्यामुंबईस जातात; वृद्ध मागे राहतात. म्हणून आमची प्रार्थना एवढीच की, प्रत्येकाने एक तरी असा सोबती जोडावा. त्याच्यासाठी नित्य जपमाळेचे एक दशक म्हणावे. दूर गेलेल्यास विचारावे, “मिस्सेस जातोस ना? पापनिवेदन केव्हा केलेस?” त्याने आपणांस हेच विचारिले तर रागावू नये. आणि तो अत्यवस्थ झाला असता, “घाबरेल बिचारा” म्हणून धर्मगुरूंस बोलाविण्यास विलंब लावू नये. रुग्णाभ्यंगावाचून व ख्रिस्तशरीरावाचून मित्रास जाऊ देणे, ही दया नव्हे.

वर केव्हा येईल, ते कोणास ठाऊक नाही. तो येईल तेव्हा आपल्या दिव्यात तेल असो, आणि शेजारी आपल्याला वेळीच जागा करणारा सोबती असो, हेच आमचे प्रभुचरणी मागणे. आमेन.