सत्तावीस आवर्तने

मैफल आणि ध्वनिमुद्रिका या बहिणी खऱ्या, पण दोघींचे स्वभाव निराळे. मैफलीला श्रोत्यांची दाद हवी असते, तर मुद्रिकेला शांतता. मैफलीत एखादा स्वर चुकला, तर पुढच्या तानेत त्याचा विसर पडतो. मुद्रिकेवर मात्र तो कायमचा कोरला जातो. म्हणूनच भर मैफलीचे ध्वनिमुद्रण करावयाचे म्हटले, की एक प्रश्न उभा राहतो. जतन काय करावयाचे? निर्दोष स्वर, की त्या रात्री जे घडले ते? अमेरिकेतील ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाच्या १९५६ सालच्या ध्वनिमुद्रिकेचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाचाच इतिहास आहे.

जाझ संगीतातील मोठा वाद्यवृंद, ज्याला 'बिग बँड' म्हणतात, तो साधारणपणे पंधरा-सोळा वादकांचा असतो. ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांचे ताफे, आणि त्यांना आधार द्यावयास पियानो, बास व ड्रम. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील नृत्यगृहे अशा वाद्यवृंदांनी दुमदुमत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र लोकांची आवड पालटली आणि एवढ्या वादकांचे पगार देणे जड जाऊ लागले. एकामागून एक वाद्यवृंद मोडले. १८९९ साली वॉशिंग्टन येथे जन्मलेल्या एलिंग्टन यांनी आपला वाद्यवृंद मोडला नाही. आपल्या रचनांपासून मिळणारे उत्पन्न त्यात घालून त्यांनी तो चालू ठेवला. परंतु १९५६ पर्यंत त्यांचा काळ सरला, अशी कुजबुज सुरू झाली होती.

ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्ट या समुद्रकाठच्या गावी १९५४ पासून जाझचा महोत्सव भरू लागला होता. तेथे ७ जुलै १९५६ रोजी, शनिवारी रात्री, एलिंग्टन यांचा कार्यक्रम होता. प्रारंभी चार वादकांचा पत्ताच नव्हता. दोन-तीन रचना वाजवून वाद्यवृंद उतरला, तो पुन्हा मंचावर आला तेव्हा मध्यरात्र जवळ येऊन ठेपली होती. महोत्सवासाठी मुद्दाम रचलेली तीन भागांची नवी रचना वाजवून झाली. त्यानंतर एलिंग्टन यांनी १९३७ सालची आपली एक जुनी, दोन खंडांची रचना काढली. तिचे नाव 'डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्ल्यू'. या दोन खंडांमधील जागा भरून काढण्याचे काम त्यांनी टेनर सॅक्सोफोन वाजविणाऱ्या पॉल गोन्सालव्हिस यांच्याकडे सोपविले होते.

हे आडनाव गोमंतकीयांना ओळखीचे वाटेल. मात्र गोन्सालव्हिस यांचे घराणे मूळचे आफ्रिकेच्या पश्चिमेकडील केप व्हर्द बेटांचे. ती बेटेही गोव्याप्रमाणेच पोर्तुगिजांच्या अमलाखाली होती, म्हणून हे नामसाम्य.

जाझमधील 'ब्ल्यूज' हा प्रकार बहुधा बारा मात्राखंडांच्या आवर्तनात बांधलेला असतो. आपल्याकडे तालाचे आवर्तन पुरे होऊन सम येते आणि गायक पुन्हा नव्याने निघतो, तसेच काहीसे येथे घडते. दोन-चार आवर्तने वाजवून वादकाने बाजूला व्हावे, ही रीत. गोन्सालव्हिस यांनी त्या रात्री एकामागून एक सत्तावीस आवर्तने वाजविली. म्हणजे ३२४ मात्राखंड, आणि साथीला केवळ पियानो, बास व ड्रम. सहा-सात आवर्तने होतात न होतात, तोच काळ्या पोशाखातील एक स्त्री उठून नाचू लागली. मंचाच्या कडेला बसलेले विख्यात ड्रमवादक जो जोन्स वर्तमानपत्राची गुंडाळी आपटून ठेका देऊ लागले. घरी निघालेले लोक माघारी फिरले, कित्येक खुर्च्यांवर उभे राहिले. आता दंगल होते की काय, या भीतीने संयोजक एलिंग्टन यांना थांबण्याच्या खुणा करू लागले. एलिंग्टन थांबले नाहीत. दुसरा खंड त्यांनी पुरा केला आणि मग जॉनी हॉजेस यांच्या संथ सॅक्सोफोनने तो जमाव शांत केला.

हे सारे मुद्रित करण्यासाठी कोलंबिया कंपनीचे ध्वनिग्राहक मंचावर होते. त्यांच्या शेजारीच 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या नभोवाणीचेही ध्वनिग्राहक होते. वादनाच्या भरात गोन्सालव्हिस उभे राहिले, ते नेमके नभोवाणीच्या ध्वनिग्राहकासमोर! कोलंबियाच्या फितीवर त्यांचा आवाज आला, पण दुरून आल्यासारखा.

नव्या रचनेची तालीम पुरेशी झाली नव्हती, म्हणून तिच्यातील उणिवा झाकण्याचा बेत आधीच ठरला होता. निर्माते जॉर्ज अवाकियन यांनी ९ जुलै रोजी न्यूयॉर्कच्या ध्वनिमुद्रणगृहात तिचा बराचसा भाग पुन्हा वाजवून घेतला, आणि त्यावर टाळ्यांचा कडकडाट मागाहून चढविला. त्याच वर्षी निघालेल्या मुद्रिकेत शेजारी-शेजारी दोन गोष्टी होत्या. एकीचे स्वर स्वच्छ, पण टाळ्या उसन्या. दुसरीचे वादन अस्पष्ट, पण त्यामागील कोलाहल खराखुरा.

श्रोत्यांचा कौल कोणाला मिळाला? दुरुस्त केलेल्या भागाची आठवण फार थोड्यांनी ठेवली. सत्तावीस आवर्तनांनी मात्र ती मुद्रिका एलिंग्टन यांच्या सर्व मुद्रिकांत अधिक खपविली. ऑगस्ट १९५६ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकले. आपला जन्म १९५६ साली न्यूपोर्टला झाला, असे ते पुढे विनोदाने म्हणत. १९६३ मध्ये हाच वाद्यवृंद, गोन्सालव्हिस यांच्यासह, भारतात येऊन गेला. त्या दौऱ्यातून स्फुरलेल्या आणि १९६६ मध्ये मुद्रित झालेल्या रचनामालेत दिल्लीच्या मैनेची शीळ क्लॅरिनेटवर ऐकू येते.

नभोवाणीची ती फीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पडून होती. १९९६ मध्ये ती सापडली. अभ्यासकांनी ती कोलंबियाच्या फितीशी क्षणाशी क्षण जुळवून, एक डाव्या कानाला व दुसरी उजव्या कानाला, अशी योजना केली आणि १९९९ मध्ये संपूर्ण मैफल नव्याने प्रसिद्ध झाली. मूळ मैफलीनंतर त्रेचाळीस वर्षांनी गोन्सालव्हिस श्रोत्यांच्या समोर येऊन उभे राहिले. ते वादन स्वतः त्यांना असे स्पष्ट ऐकावयास मिळाले नाही. ते आणि एलिंग्टन, दोघेही १९७४ च्या मे महिन्यात, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने निवर्तले होते.

अवाकियन यांना दोष देण्याचे कारण नाही. पैसे मोजून मुद्रिका घेणाऱ्याला सुबक वस्तू द्यावी, हा त्यांचा हेतू रास्तच होता. चुकलेला स्वर दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवून घेता येतो. परंतु निघालेली पावले माघारी फिरतात, ठेका धरण्यासाठी हाती येईल ते वर्तमानपत्र उचलले जाते, तो क्षण पुन्हा वाजवून घेता येत नाही. न्यूपोर्टची ती मैफल वादकांइतकीच श्रोत्यांनीही घडविली होती. नव्या मुद्रिकेत सॅक्सोफोनच्या मागे त्यांच्या आरोळ्या आवर्तनागणिक चढत जाताना ऐकू येतात, आणि एलिंग्टन यांची उत्तेजनाची हाकही त्यांत मिसळलेली असते. त्यांतील एकही टाळी उसनी नाही.