ड्रिलला चकती लावावी का?

(सोसायटीच्या प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



सगळी नोकरी बँकेत केलेल्या माणसाला हत्यारांवर बोलायला का उभं केलं, असं काहींना वाटेल. सोसायटीच्या कपाटातलं ड्रिल मशीन माझ्या ताब्यात असतं, एवढंच कारण. वर्षभरात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, "काका, याला चार इंची चकती लावून कापायचं मशीन करता येईल ना? मोबाइलवर दाखवतात."

प्रश्न आपल्या भागाला शोभणारा आहे. १ ऑगस्ट १९६२ रोजी एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. पुढे डोंबिवलीतही कारखाने आले. आपल्यापैकी अनेकांच्या घरात फिटर नाहीतर टर्नर होतेच. आहे त्या वस्तूतून हवी ती वस्तू करायची, हे आपण त्यांच्याकडूनच शिकलो.

तरीही चार इंची चकतीचा अर्ज मी नामंजूर करतो. कारणं हिशेबाची आहेत. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो, आपलं ड्रिल २,७०० च्या आसपास. म्हणजे चकतीच्या कडेचा वेग ग्राइंडरवर सेकंदाला सुमारे ५७ मीटर, ड्रिलवर जेमतेम १४. कमी वेग म्हणजे सुरक्षित, असं वाटतं ना? तिथेच गफलत होते. चकती कापत नाही, नुसती घासते. मग माणूस जोर लावतो, हात तिरका होतो, चकती कामात अडकते आणि तुटते. ग्राइंडरला चकतीवर लोखंडी गार्ड असतो, ड्रिलला नसतो. शिवाय ड्रिलचा चक आणि बेअरिंग सरळ दाबासाठी बनवलेले आहेत, बाजूच्या दाबासाठी नाहीत.

आता छोटं कर्ज मंजूर करतो. मँड्रेलवर बसणारी दीड-दोन इंची दातेरी चकती हार्डवेअरच्या दुकानात मिळते. केसिंग-कॅपिंग, पीव्हीसी पाइप, पातळ प्लायची पट्टी, पातळ ॲल्युमिनियम यांना ड्रिलचा वेग पुरतो. लोखंडाला मात्र ही चकती नको, दाते जळतात. लोखंडाला आपली हॅक्सॉच बरी.

पण ड्रिल हातात धरून कापायचं नाही. जाड फळीवर स्टँड बोल्टने पक्का करा आणि ड्रिलची मान त्यात आवळा. शेजारी बिजागरीवर छोटी फळी लावा. कापायची वस्तू तिच्यावर क्लॅम्पने बांधा आणि फळी हळूहळू चकतीकडे न्या. दात्यांनी वस्तू फळीवर दाबली पाहिजे, उचलता कामा नये. चकतीवर जाड पत्र्याचा गार्ड हवाच, कोणताही ग्रिलवाला वाकवून देईल.

हॅमरचा खटका बंद ठेवा. रिव्हर्स कधीच नको, उलट फिरलं की मँड्रेलचा स्क्रू सैल होतो. ट्रिगर लॉक केलेला असल्यामुळे चालू-बंद करायचं ते एक्स्टेन्शन बोर्डावरून, म्हणून बोर्ड हाताशी हवा. वीज गेली तर आधी बोर्डाचं बटण बंद करा. नाहीतर तुम्ही चहाला आत जाल, वीज येईल आणि मशीन आपोआप फिरू लागेल, शेजारी नातवंड उभं असताना. चकती बदलताना पिन काढा. डोळ्यांवर गॉगल हवा, नंबरचा चष्मा चालणार नाही. हातमोजे, ओढणी, सैल बाही, बांगड्या फिरत्या चकतीजवळ नकोत.

हे सगळं सांगायचं कारण एकच. आपल्या सोसायटीत पंचवीस वर्षांपूर्वी चाळिशीत असलेले सभासद आता पासष्टीत आहेत. बऱ्याच घरांत दोघंच राहतात, मुलं पुण्याला नाहीतर परदेशी. बारीकसारीक कामाला कारागीर वेळेवर येत नाही. हात चालता ठेवावा, हे मी स्वतःही करतो. पण वाचलेल्या दोनशे रुपयांपुढे एका डोळ्याची किंमत मांडून बघा, हा व्यवहार कोणत्याही खातेवहीत बसत नाही.

तेव्हा यापुढे कपाटातून ड्रिल नेताना वहीत सही करायची आणि सोबत गॉगलही न्यायचा. फळी, स्टँड, गार्ड लावलेला एक संच मी करून ठेवला आहे. रविवारी सकाळी दहा ते बारा वस्तू घेऊन खाली या, दोघं मिळून कापू. चार इंची चकती आणणाऱ्याला मात्र फक्त चहा मिळेल.